पदवीची परीक्षा

२०१८ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात फोन वाजला. परदेशातला नंबर होता. ‘‘सर, ओळखलंत का? दोन हजार सहाची बॅच, सिव्हिल.’’ नाव सांगितल्यावर चेहरा आठवला. सर्व्हे कॅम्पला तिपाई आणि थिओडोलाइट दोन्ही स्वतःच्या खांद्यावर घेऊन टेकडी चढणारा मुलगा. दहा वर्षे कुवेतला एका बांधकाम कंपनीत होता. घरचे कसे आहेत, पाऊस कधी येणार, असे सगळे बोलून झाल्यावर त्याने हळूच विचारले, ‘‘सर, आपल्या कॉलेजचं एनबीए नक्की कोणत्या साली झालं होतं हो?’’

प्रश्न साधा होता. उत्तर द्यायला मात्र मला वेळ लागला. का लागला ते पुढे सांगतो. आधी कुवेतची हकिगत सांगायला हवी.

त्या वर्षी कुवेत सरकारने असे ठरवले की परदेशी इंजिनिअरला राहण्याचा परवाना वाढवून हवा असेल, तर त्याने तिथल्या इंजिनिअरांच्या सोसायटीचे ना-हरकत पत्र आणावे. ही सोसायटी भारतीय उमेदवाराची पदवी तपासताना एकच गोष्ट पाहू लागली. त्याचा अभ्यासक्रम भारताच्या राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाच्या, म्हणजे एनबीएच्या, यादीत आहे की नाही. यादीत नाव नसेल तर पत्र नाही. पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षे तिथे पूल आणि तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभारणारी माणसे एका सकाळी इंजिनिअर उरली नाहीत. नामवंत संस्थांचे, अगदी आयआयटीचे पदवीधरही या फेऱ्यात सापडल्याच्या बातम्या तेव्हा आल्या, कारण त्या संस्थांनी या मंडळाकडे कधी अर्जच केलेला नव्हता. त्याच वर्षी परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज कुवेतला गेल्या, तेव्हा त्यांनाही हा विषय काढावा लागला.

आपल्या देशात बहुतेक पालकांना ज्याचा अर्थ ठाऊक नाही असा एक शिक्का परदेशात माणसाची भाकरी ठरवू लागला होता. हा शिक्का आला कुठून, हे पाहायला जरा मागे जावे लागते.

त्याआधी शब्दांचा घोळ निस्तरू. प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या फलकावर तीन गोष्टी एका ओळीत लिहिलेल्या असतात आणि वाचणाऱ्याला त्या एकच वाटतात. ‘एआयसीटीई मान्यताप्राप्त’ म्हणजे कॉलेज काढायला परवानगी आहे, जागा आहे, इमारत आहे. ‘विद्यापीठाशी संलग्न’ म्हणजे परीक्षा विद्यापीठ घेणार आणि पदवी त्याच्या नावाची मिळणार. आणि ‘एनबीए’ म्हणजे त्या कॉलेजातला एखादा विशिष्ट अभ्यासक्रम बाहेरच्या जाणकारांनी येऊन तपासला आणि ठरावीक मुदतीपुरता बरा ठरवला. इथे विशिष्ट हा शब्द महत्त्वाचा. मेकॅनिकलचे एनबीए झाले म्हणून सिव्हिलचे झाले असे होत नाही. मुदतही महत्त्वाची, कारण ती संपते. दुकानाचा परवाना, दुकानाची मालकी आणि दुकानातल्या मालाची पारख या जितक्या वेगळ्या गोष्टी, तितक्याच या तीन वेगळ्या.

मालाची पारख करण्याची ही रीत मूळची अमेरिकेतली. तिची पाळेमुळे कॉलेजात सापडत नाहीत, ती शेताच्या बांधावर सापडतात. वायोमिंग हे तिथले कोरडे राज्य. पाण्याचा हक्क मिळवायचा तर शेतकऱ्याला सरकारकडे अर्ज आणि सोबत नकाशा द्यावा लागे. हे नकाशे वकील काढत, नोटरी काढत, ज्याला पट्टी धरता येते तो काढी आणि खाली बेधडक ‘इंजिनिअर’ म्हणून सही ठोकी. कालवा एकीकडे आणि नकाशा दुसरीकडे. वैतागून त्या राज्याने १९०७ साली कायदा केला की नोंदणी असल्याशिवाय कोणी स्वतःला इंजिनिअर म्हणवून घ्यायचे नाही. अमेरिकेतला असा हा पहिला कायदा.

पुढे एकेका राज्याने हेच केले. कुठे शहाणपणाने, कुठे ठेच लागल्यावर. टेक्सासमध्ये न्यू लंडन नावाचे गाव आहे. तेलाच्या विहिरींमुळे तिथली शाळा श्रीमंत होती. तरीही गॅसचे बिल वाचावे म्हणून शाळेने तेल कंपनीच्या टाकाऊ गॅसच्या नळातून जोड घेतली. त्या गॅसला वास नव्हता. तो गळत गळत इमारतीच्या तळघरात साठला. १८ मार्च १९३७ च्या दुपारी शाळेच्या कार्यशाळेत कोणी यंत्र चालू केले, ठिणगी उडाली आणि इमारत उचलली गेली. तीनशेच्या आसपास माणसे गेली, बहुतेक मुले. गॅसमध्ये मुद्दाम दुर्गंध मिसळण्याचा नियम त्या घटनेनंतर आला. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरला जो वास येतो, त्यामागेही हेच शहाणपण आहे. आणि त्याच वर्षी टेक्सासने इंजिनिअरांच्या नोंदणीचा कायदा केला.

आता नोंदणी करायची तर कोणाची? शेकडो कॉलेजे, प्रत्येकाची पदवी वेगळी. नोंदणी करणाऱ्या सरकारी मंडळांना कोणीतरी सांगायला हवे होते की अमुक ठिकाणची अमुक पदवी भरवशाची आहे. १९३२ मध्ये तिथल्या सात अभियांत्रिकी संस्थांनी एकत्र येऊन एक परिषद स्थापन केली आणि १९३६ पासून तिने पदव्या तपासायला सुरुवात केली. आज एबेट या नावाने ओळखली जाते ती संस्था हीच. तिने पहिल्यापासून दोन पथ्ये पाळली. कॉलेजला सरसकट शिक्का द्यायचा नाही, एकेक अभ्यासक्रम वेगळा पाहायचा; आणि पाहायला अधिकारी न पाठवता त्याच विषयातली माणसे पाठवायची. १९४७ पर्यंत १३३ संस्थांमधले ५८० अभ्यासक्रम या चाळणीतून पार पडले होते.

आपल्याकडे वाट अगदी निराळी होती. पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ साली सुरू झाले तेव्हा त्याचे नाव ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ होते आणि हेतू सरळ होता. रस्ते, कालवे, पूल, इमारती यांच्या कामांसाठी सरकारला हाताखालची माणसे हवी होती. मोठे साहेब विलायतेहून यायचे. त्यांच्यासाठी तर १८७१ साली इंग्लंडात कूपर्स हिल येथे वेगळे कॉलेजच काढले होते. ते १९०६ पर्यंत चालले. पुण्याचा क्लास १८६६ मध्ये मुंबई विद्यापीठाला जोडला गेला आणि एल.सी.ई. ही परीक्षा आली. या परीक्षेला कोणी बाहेरून तपासायला येत नसे, कारण त्याची गरजच नव्हती. पदवी देणारे सरकार आणि नोकरी देणारेही सरकारच. १८८३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक इंजिनिअर म्हणून नाशिकला रुजू झाले. पुढे खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पदवीची परीक्षा धरणावरच झाली म्हणायची.

खरे सांगायचे तर ही व्यवस्था वाईट नव्हती. ज्याला माल वापरायचा आहे तोच तो पारखून घेत होता. स्वातंत्र्यानंतरही बराच काळ तसेच चालले. कॉलेजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पुणे, मुंबईचे व्हीजेटीआय, सांगली, नंतर कऱ्हाड, औरंगाबाद, नागपूर, अमरावती. कोणत्या कॉलेजचा मुलगा कसा असतो हे पाटबंधारे खात्यातल्या प्रत्येक कार्यकारी अभियंत्याला तोंडपाठ असे. मी १९७२ साली पदवी घेतली तेव्हा माझ्या कॉलेजचे मूल्यांकन झाले आहे का, असा प्रश्न कोणी विचारला असता तर आम्ही हसलो असतो.

एक गोष्ट मात्र राहून गेली, आणि माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ तिथे आहे. डॉक्टरांसाठी कायदा झाला. वकिलांसाठी १९६१ मध्ये आणि वास्तुरचनाकारांसाठी १९७२ मध्ये झाला. इंजिनिअरने नोंदणी केल्याशिवाय व्यवसाय करू नये असा देशभर लागू होणारा कायदा काही झाला नाही. त्यामुळे ‘ही पदवी भरवशाची आहे का?’ असे हक्काने विचारणारा कोणी तयारच झाला नाही.

मग आले १९८३. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. या निर्णयाला नावे ठेवणे आता फॅशन झाली आहे. मी ठेवणार नाही. तोवर आपली मुले मोठाल्या देणग्या देऊन कर्नाटकात जात होती आणि ज्यांच्याजवळ देणगी नव्हती ती घरी बसत होती. तालुक्याच्या गावातली, पहिल्या पिढीत शिकणारी हजारो मुले या कॉलेजांतून इंजिनिअर झाली. कुवेतहून फोन करणारा माझा विद्यार्थी त्यांतलाच. पण साखर कारखान्याच्या गोदामात वर्ग, दोन लेथ आणि एक ग्रंथपाल एवढ्या भांडवलावर सुरू झालेली कॉलेजेही मी पाहिली आहेत. वापरणाऱ्याने माल पारखून घ्यायची जुनी रीत इथे मोडून पडली. सरकारी भरती आटत चालली होती, आणि एवढ्या कॉलेजांची ख्याती कोण तोंडपाठ ठेवणार?

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद १९४५ पासून होती, पण सल्ला देण्यापुरती. १९८७ च्या कायद्याने तिला अधिकार मिळाले आणि त्याच कायद्याच्या दहाव्या कलमात मूल्यांकनासाठी मंडळ नेमण्याची तरतूद झाली. हे मंडळ, म्हणजे एनबीए, १९९४ साली स्थापन झाले. त्याच वर्षी विद्यापीठे आणि महाविद्यालये तपासणारी नॅकही आली. या दोहोंत गल्लत होते, म्हणून पुन्हा सांगतो : नॅक घर पाहते, एनबीए त्या घरातली एकेक खोली.

मी या पाहणी पथकांवर बरीच वर्षे जात होतो. आमच्या क्षेत्रात लोक ‘पुढच्या महिन्यात आमचं एनबीए आहे’ असे ‘घरात कार्य आहे’ या सुरात सांगतात आणि तयारीही तशीच असते. तीन दिवसांचा मुक्काम. एक अध्यक्ष आणि प्रत्येक अभ्यासक्रमाला दोन तज्ज्ञ. कॉलेजने आधीच जाडजूड स्वयंमूल्यमापन अहवाल पाठवलेला असतो. हजार गुणांचा हिशेब असतो. शिक्षक किती, कोण किती शिकलेले, प्रयोगशाळा कशा, निकाल काय, मुलांना नोकऱ्या कुठे लागल्या. तज्ज्ञाने जाऊन पाहायचे की कागदावरचे जमिनीवर आहे का.

एका ठिकाणी साहित्य चाचणीच्या प्रयोगशाळेत लोखंडी सळई ताणून तोडण्याचे मोठे यंत्र होते. चकचकीत, नुकताच निळा रंग दिलेला. शेजारी उभ्या मुलीला म्हटले, ‘‘बाळ, यावर प्रयोग करून दाखवतेस?’’ ती प्रामाणिक होती. म्हणाली, ‘‘सर, हे काल आलं.’’ दुसरीकडे ग्रंथालयात कपाटेच्या कपाटे भरलेली. सहज एक पुस्तक उघडले तर आत त्याच संस्थेच्या पलीकडच्या जिल्ह्यातल्या कॉलेजचा शिक्का. चार वर्षांची हजेरीपत्रके एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेली मी पाहिली आहेत. दोन वेगवेगळ्या कॉलेजांत, सहा महिन्यांच्या अंतराने, तेच प्राध्यापक त्याच खुर्चीत बसलेले भेटले आहेत. आम्ही दोघेही एकमेकांना प्रथमच भेटत असल्यासारखे बोललो.

आणि याच्या उलटही पाहिले. मराठवाड्यातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचे छत पत्र्याचे होते, पण तिथल्या मदतनीसाने तीस वर्षांपूर्वीचे यंत्र स्वतः सुटे भाग घडवून चालू ठेवले होते. मुलांच्या वह्यांत चुकलेली निरीक्षणे होती, खोडाखोड होती, म्हणजे प्रयोग खरोखर केलेले होते. त्या वह्या पाहून मला जे समाधान झाले ते वातानुकूलित सभागृहातल्या सादरीकरणाने कधी झाले नाही. गुण देताना मात्र पंचाईत. पत्र्याच्या छतासाठी रकाना होता. त्या मदतनीसासाठी नव्हता.

हे कोडे अमेरिकेलाही सुटले नव्हते. तिथेही किती तास, किती पुस्तके, किती चौरस फूट हे मोजता मोजता लोक कंटाळले आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एबेटने निकषच फिरवले. तुम्ही काय शिकवले ते सांगू नका, मुलाला काय येते ते दाखवा. त्यासाठी अकरा गोष्टींची यादी केली. गणित आणि विज्ञान वापरता येणे तर हवेच, पण चार जणांत मिळून काम करणे, नीट लिहिता-बोलता येणे, आपल्या कामाचा समाजावर काय परिणाम होईल याची जाण असणे हेही हवे.

दरम्यान १९८९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड आणि न्यूझीलंड या सहा देशांच्या अशा संस्थांनी वॉशिंग्टन करार केला होता. तुम्ही तपासलेली पदवी आम्ही मानू, आम्ही तपासलेली तुम्ही माना, असा हा रोटीबेटी व्यवहार. भारताला त्यात २००७ मध्ये तात्पुरते सदस्यत्व मिळाले. कायमचे मिळायला १३ जून २०१४ उजाडले. मधल्या काळात, २०१० साली, एनबीए परिषदेपासून वेगळी केली गेली, कारण कॉलेजला परवानगी देणारा आणि त्याचे मूल्यमापन करणारा एकच असेल तर बाहेरचे लोक विश्वास कसा ठेवणार?

या कराराची एक मेख पालकांना कोणी सांगत नाही. एनबीएने अभ्यासक्रमांचे दोन स्तर केले. स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे विभाग पहिल्या स्तरात; विद्यापीठाने आखून दिलेला अभ्यासक्रम शिकवणारी संलग्न कॉलेजे दुसऱ्या. वॉशिंग्टन करार लागू होतो तो पहिल्या स्तराला. एका अर्थी ते योग्यच आहे. ज्याला अभ्यासक्रमातला एक धडा बदलायचा अधिकार नाही, त्याला मुलाला काय येते याचा जाब कसा विचारायचा? पण आपल्याकडची कितीतरी मुले या दुसऱ्या स्तरातच शिकली. शिवाय हा करार मागच्या तारखेने लागू होत नाही. २०१४ पूर्वी पदवी घेतलेल्याला त्याचा उपयोग नाही.

नवी पद्धत आल्यावर आमच्या कॉलेजांनी काय केले? तक्ते केले. प्रत्येक विषयाची सहा फलिते, त्यांचा बारा गुणवैशिष्ट्यांशी संबंध, संबंध कमी असेल तर एक, मध्यम असेल तर दोन, दाट असेल तर तीन. संगणकात सूत्र टाकले की ‘नैतिकता : २.१४’ असे उत्तर येते. एका तरुण प्राध्यापिकेला मी विचारले, ‘‘हे कसं काढलंत?’’ ती म्हणाली, ‘‘सर, रात्री दोनपर्यंत जागून.’’ या उत्तरावर काय बोलणार? वर्गात शिकवण्याचा तिचा वेळ त्या तक्त्यात गेला होता. तरीही मी म्हणेन की तपासणी नको असे नाही. तपासणी नव्हती तेव्हाची गोदामे मी पाहिली आहेत.

आता त्या फोनकडे येतो.

आमच्या कॉलेजच्या सिव्हिल विभागाला २००१ साली तीन वर्षांचे मूल्यांकन मिळाले होते. २००४ मध्ये मुदत संपली तेव्हा विभागप्रमुख मी होतो. शिक्षकांच्या चौदा जागांपैकी नऊच भरलेल्या होत्या. अर्ज केला असता तर बहुधा नापास झालो असतो. व्यवस्थापन म्हणाले, प्रवेश तर पूर्ण भरताहेत, घाई कसली? पुढच्या वर्षी पाहू. मी जोर लावला नाही. खरे तर मला हायसेच वाटले, कारण दुसऱ्यांच्या दारात जाऊन वह्या उघडणाऱ्या मला आमच्या वह्या कोणी उघडायला नको होत्या. ते ‘पुढचे वर्ष’ २००८ साली आले. पुन्हा मूल्यांकन मिळाले. मधल्या वर्षांत बाहेर पडलेल्या मुलांच्या पदव्यांवर शिक्का नाही. २००६ ची बॅच त्यातलीच.

हे त्याला फोनवर सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘सर, एक पत्र मिळेल का? की त्या वर्षी अभ्यासक्रम तोच होता, शिक्षक तेच होते, म्हणून?’’

मी त्याच संध्याकाळी पत्र लिहिले. माजी विभागप्रमुख या नात्याने सही केली, कॉलेजात जाऊन प्राचार्यांची सही-शिक्का घेतला आणि पाठवून दिले. सोसायटीने ते मानले नाही. पुढे कंपनीने त्याच्या परवान्यावरचे पद बदलून सुपरवायझर केले. काम तेच, पगारात थोडा फरक, असे त्याने कळवले. त्यानंतर दिवाळीला त्याचा संदेश येत असतो, नेहमीसारखाच, ‘सर’ने सुरू होणारा.

त्या पत्राची प्रत माझ्या कपाटात आहे. अभ्यासक्रम विद्यापीठाचाच होता, असे त्यात लिहिले आहे, आणि ते खरे आहे. शिक्षक तेच होते, असेही लिहिले आहे. रिकाम्या पाच जागांबद्दल त्यात एक अक्षर नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)